घराच्या भिंतीवरील बालचित्रे : एक आढावा

मुलाने काढलेले चित्र घरात लावावे की नाही, लावायचे तर कोठे, किती काळ आणि कोणाच्या निवडीने, हा प्रश्न वरवर घरसजावटीचा वाटतो. परंतु बालमानसशास्त्र, कलाशिक्षण, कागदाचे जतन आणि बालकांचे हक्क या चार निरनिराळ्या क्षेत्रांतील विचार त्याच्यापाशी येऊन मिळतात. या विचारांची मांडणी केली असता भिंतीवरील बालचित्राकडे पाहण्याच्या तीन दृष्टी स्पष्ट होतात. पहिलीत चित्र ही सजावट असते आणि ती घराच्या रंगसंगतीत बसते की नाही हे मोठी माणसे ठरवतात. दुसरीत ते शाबासकीचे चिन्ह असते, म्हणजे चांगले काढले म्हणून लावले जाते. आणि तिसरीत ती एक नोंद असते, म्हणजे मूल त्या वेळी काय पाहत होते आणि काय विचार करीत होते याचा तो पुरावा ठरतो. उपलब्ध अभ्यास एकत्र वाचले तर पहिल्या दोन दृष्टींपेक्षा तिसरी अधिक टिकाऊ ठरते आणि चित्राचे कायमस्वरूपी जतन करण्यापेक्षा ठरावीक मुदतीचे, बदलते प्रदर्शन मुलाच्या अधिक हिताचे दिसते. पुढील विवेचन याच भूमिकेची छाननी करते.

बालचित्राला मोल कसे आले

मुलांच्या रेघोट्यांकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याची परंपरा फार जुनी नाही. इटलीतील कलेतिहासकार कोर्राडो रिच्ची यांनी बोलोन्या शहरातील एका कमानदार ओवरीत पावसापासून आडोसा घेतला असताना तेथील भिंतीवरची मुलांची चित्रे लक्षपूर्वक पाहिली आणि त्यातून १८८७ मध्ये बालकलेवरील त्यांचे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. या विषयावरील सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते, आणि ज्या भिंतीवरून ते सुचले ती कोणी सजवलेली नव्हती, तर मुलांनी स्वतःहून रंगवलेली होती, ही गोष्ट या प्रश्नाच्या संदर्भात महत्त्वाची आहे. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी जो कलावर्ग चालवला त्यात नमुन्यावरून नक्कल करण्याऐवजी मुलांना स्वतःच्या कल्पनेने काढू देण्यावर भर होता. या वर्गातील कामे १९०८ मध्ये व्हिएन्नातील एका मोठ्या कलाप्रदर्शनात मांडली गेली आणि १९२० नंतर इंग्लंडमध्येही दाखवली गेली. त्याच सुमारास चित्रकारही या चित्रांकडे वळले होते. वासिली कॅन्डिन्स्की आणि गाब्रिएले म्युन्टर यांनी बालचित्रांचा संग्रह केला, त्यांच्या गटाने १९१२ मध्ये काढलेल्या ग्रंथात बालचित्रे छापली, आणि पाउल क्ले यांनी १९११ मध्ये आपल्या कामांची सूची करायला घेतली तेव्हा बालपणीची काही चित्रेही तीत समाविष्ट केली.

भारतात बालचित्राला सार्वजनिक प्रतिष्ठा देण्यात व्यंगचित्रकार के. शंकर पिल्लई यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी १९४९ मध्ये सुरू केलेली मुलांची चित्रस्पर्धा पुढे आंतरराष्ट्रीय झाली आणि देशोदेशीच्या मुलांची चित्रे छापील अंकांतून घराघरांत पोचली. महाराष्ट्रापुरते पाहिले तर अधिक मूलगामी प्रयोग वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे झाला. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत तेथील नयी तालीम शाळेत कलाशिक्षक होते. कला हा शिक्षणातील एक विषय नसून शिक्षणाचा पायाच आहे, अशी मांडणी त्यांनी याच अनुभवावर आधारलेल्या आपल्या ग्रंथात केली. स्पर्धेने बालचित्राला प्रेक्षक मिळवून दिला, तर सेवाग्रामच्या विचाराने त्याला रोजच्या जगण्यात स्थान दिले. घराच्या भिंतीचा विचार करताना हा भेद वारंवार समोर येतो.

मराठी घरातील भिंत

मराठी घरात भिंत कधीच पूर्ण मोकळी नव्हती. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या देवदेवतांच्या रंगीत छापील चित्रांनी मध्यमवर्गीय दिवाणखाना भरला. पुढे चौकटीतले पूर्वजांचे फोटो आणि १९७३ नंतर 'कालनिर्णय' ही भिंतीवरची ठरलेली ठिकाणे झाली. मुलाच्या चित्राला जागा मिळायची ती या मांडणीच्या बाहेर, म्हणजे कपाटाच्या आतल्या दारावर, अभ्यासाच्या टेबलामागे किंवा अलीकडे फ्रिजच्या दारावर. पाहुण्यांसमोर येणारी भिंत मोठ्यांची आणि आतली भिंत मुलांची, अशी ही अलिखित वाटणी असते, आणि चित्र कोठे लावले यावरून घराला ते किती महत्त्वाचे वाटते याचा अंदाज मूल बांधते.

असे असले तरी मुदतीपुरते लावायचे आणि मग काढून टाकायचे, ही रीत मराठी घराला परकी नाही. श्रावणात जिवतीचा छापील कागद भिंतीवर लावून त्याची पूजा होते आणि महिना सरल्यावर तो उतरवला जातो. आश्विनात हस्त नक्षत्रावर पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती मुली हादग्याचे फेर धरतात. डहाणू-तलासरी भागातील वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने आतल्या भिंतीवर देवचौक लिहितात. हे चित्र त्या प्रसंगाचे असते आणि पुढे सारवणाखाली जाते. मुलांच्या हातच्या कामाचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र दिवाळीतील किल्ल्याचे आहे. माती, दगड, विटा, पोती आणि पेरलेले अळीव यांतून अंगणात किंवा इमारतीच्या आवारात उभा राहणारा किल्ला येणारेजाणारे थांबून पाहतात, कोणता गड म्हणून विचारतात, बुरुज कोठे चुकला हेही सांगतात, आणि दिवाळी संपली की मुलेच तो मोडतात. मुलाच्या निर्मितीला सार्वजनिक जागा, गंभीर प्रेक्षक आणि ठरलेला शेवट या तिन्ही गोष्टी येथे एकत्र मिळतात. बालचित्राच्या प्रदर्शनासाठी यापेक्षा नेमका नमुना बाहेर शोधावा लागत नाही.

चित्र कसे वाचावे

चित्र लावण्यापूर्वी ते कळणे आवश्यक असते, आणि या बाबतीत विसाव्या शतकातील संशोधनाने बरेच हाती दिले आहे. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके यांनी आपल्या मुलीच्या चित्रांचा सविस्तर अभ्यास करून १९१३ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि १९२७ च्या ग्रंथात 'बौद्धिक वास्तववाद' ही संकल्पना विस्ताराने मांडली. मूल दिसते ते नव्हे, तर त्याला जे ठाऊक असते ते काढते, असा या संज्ञेचा आशय आहे. म्हणूनच घराची भिंत पारदर्शक होऊन आतली माणसे दिसतात आणि एका बाजूने काढलेल्या चेहऱ्यावरही दोन डोळे येतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये बालचित्रांच्या विकासाचे टप्पे मांडले. त्यांनुसार साधारण दोन ते चार वर्षांपर्यंत रेघोट्यांचा, चार ते सात पर्यंत आकृतीच्या शोधाचा आणि सात ते नऊ पर्यंत ठरावीक आकृतिबंधांचा काळ असतो, आणि त्यानंतर हुबेहूबपणाची ओढ सुरू होते. ऱ्होडा केलॉग यांनी सुमारे दहा लाख बालचित्रांच्या संग्रहावरून रेघोट्यांचे वीस मूलभूत प्रकार सांगितले आणि निरर्थक वाटणाऱ्या गिरगटण्यातही रचना असते, हे दाखवून दिले.

या टप्प्यांचा घरातील प्रदर्शनाशी थेट संबंध आहे. रेघोट्यांच्या वयात मुलाला हाताच्या हालचालीत आनंद असतो आणि कागद पूर्ण झाल्यावर तो कोठे गेला याकडे त्याचे फारसे लक्ष नसते, त्यामुळे या वयातील प्रदर्शन मुख्यतः पालकांसाठी असते. चार ते आठ या वयात मूल चित्रातून गोष्ट सांगते. तेव्हा चित्राच्या मागे तारीख आणि मुलाने सांगितलेले दोन शब्द लिहून ठेवले तर नोंदीचे मोल कित्येक पटींनी वाढते, कारण वर्षभराने ती गोष्ट मुलालाही आठवत नाही. नवव्या-दहाव्या वर्षानंतर चित्र बदलते. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालचित्रांवरील पुस्तकात या वयातील हुबेहूबपणाच्या आग्रहाची चर्चा केली आहे: मूल स्वतःच्या कामाची तुलना छापील चित्रांशी करू लागते, त्याला आपले काढलेले कमी वाटते आणि अनेक मुले या टप्प्यावर चित्र काढणे सोडून देतात. अशा वेळी पाच वर्षांचे असताना काढलेले सूर्य-डोंगर-झोपडीचे चित्र दिवाणखान्यात टांगलेले राहिले, तर पालकांना जे कौतुक वाटते ते मुलाला संकोचाचे कारण वाटू शकते. महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षांची, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची तयारीही याच वयानंतर सुरू होते, त्यामुळे स्थिरचित्र, संकल्पचित्र यांच्या सफाईदार सरावापुढे मुलाचे स्वतःचे चित्र घरच्यांच्याही नजरेत मागे पडते.

शाबासकी आणि प्रेरणा

प्रदर्शन हे बक्षीस मानावे का, या प्रश्नावर सर्वांत जास्त उद्धृत होणारा प्रयोग अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत झाला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात स्केचपेनने चित्र काढण्याची मुळातच आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले निवडण्यात आली. एका गटाला चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगितले गेले, दुसऱ्याला ते अनपेक्षितपणे दिले गेले आणि तिसऱ्याला काहीच दिले गेले नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहणी केली असता बक्षिसाची अपेक्षा ठेवून काढणाऱ्या मुलांनी चित्रासाठी दिलेला वेळ इतर दोन गटांच्या सुमारे निम्मा भरला. आंतरिक प्रेरणा, म्हणजे कामातच असलेला आनंद, बाहेरच्या मोबदल्याने झाकोळते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बक्षिसांसाठी स्पर्धा करणाऱ्या मुलींची चिकटचित्रे, स्पर्धेविना केलेल्या मुलींच्या चिकटचित्रांच्या तुलनेत परीक्षकांना कमी सर्जनशील वाटली.

हे निष्कर्ष भिंतीला लावताना काही सावधगिरी आवश्यक आहे, कारण प्रमाणपत्राचे वचन आणि आईने चित्र दारावर लावणे या सारख्या गोष्टी नव्हेत, आणि अनपेक्षित कौतुकाने मुलांची आवड कमी झाली नाही हेही त्याच प्रयोगात दिसले होते. तरीही फक्त सुबक चित्रच भिंतीवर जाते हे मुलाला एकदा उमगले की प्रदर्शन अटीचे होते, आणि मूल जे आवडले ते काढण्याऐवजी जे लावले जाईल ते काढू लागते. दोन भावंडांच्या घरात ही अडचण दुप्पट होते, कारण थोरल्याचे चित्र हाताच्या सफाईमुळे नेहमीच उजवे दिसते. शाळेतून येणाऱ्या हस्तकलेच्या कामांवर मोठ्यांचा हात फिरलेला असतो. ती भिंतीवर आणि मुलाच्या स्वतःच्या वहीतले पान रद्दीत, अशी विभागणी झाली तर मोल कशाचे आहे याविषयी मुलाला चुकीचा बोध होतो. प्रत्येक मुलाला स्वतःची ठरलेली जागा देणे आणि त्या जागेत काय जावे याचा निर्णय त्याच्यावर सोपवणे, हा यावरचा साधा मार्ग आहे. कौतुकाच्या शब्दांबाबतही हेच लागू पडते: 'छान' म्हणून थांबण्यापेक्षा हा रंग कोठून आला, या माणसाचे हात इतके लांब का, असे विचारल्यास चित्र पाहिले गेले हे मुलाला कळते.

किती लावावे

भिंत जितकी भरलेली तितके उत्तम, या समजुतीला अलीकडच्या अभ्यासांनी आव्हान दिले आहे. अ‍ॅना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बालवर्गातील २४ मुलांना कधी भरगच्च सजवलेल्या तर कधी रिकाम्या भिंतींच्या खोलीत धडे देण्यात आले. सजवलेल्या खोलीत मुलांचे लक्ष ३८.६ टक्के वेळ विचलित झाले, तर रिकाम्या खोलीत २८.४ टक्के, आणि चाचणीतील अचूक उत्तरे अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के होती. इंग्लंडमधील १५३ वर्गखोल्यांचा अभ्यास करून पीटर बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेले मत अधिक मध्यममार्गी होते: भिंती अगदी कोऱ्याही नसाव्यात आणि खच्चून भरलेल्याही नसाव्यात. हे अभ्यास वर्गांचे आहेत, परंतु अभ्यास, जेवण आणि झोप एकाच खोलीत होणाऱ्या असंख्य शहरी घरांना ते थेट लागू पडतात. अशा घरात चित्रांची जागा मुलाच्या अभ्यासाच्या पाठीमागील भिंतीवर असावी, समोरच्या नव्हे.

प्रदर्शनाला विचाराचे रूप देण्याचे काम इटलीतील रेज्जिओ एमिलिया शहरातील बालशाळांनी केले. लोरिस मालागुत्झी यांच्या प्रेरणेने १९६३ पासून नगरपालिकेतर्फे चालणाऱ्या या शाळांत चित्राशेजारी मुलाचे उद्गार, कामाच्या मधल्या टप्प्यांची छायाचित्रे आणि शिक्षकांची टिपणे लावली जातात. या पद्धतीला दस्तऐवजीकरण म्हणतात आणि तीत तयार वस्तूपेक्षा ती घडवणारी विचारप्रक्रिया दाखवणे महत्त्वाचे असते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे उभ्या केलेल्या बालशिक्षणाच्या कामात पाने, बिया, शंखशिंपले आणि माती अशी परिसरातील साधने वापरली जात. मुलाच्या हाताने घडलेल्या गोष्टीला महत्त्व मिळण्यासाठी महागडे साहित्य लागत नाही, हा धडा त्यातून मिळतो. घरात याचे रूपांतर अगदी साधेपणाने होऊ शकते. दोन खिळ्यांमध्ये ताणलेली सुतळी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे, सॉफ्टबोर्डची एक फळी, किंवा काच न काढता मागून कागद बदलता येणारी चौकट, यांपैकी काहीही पुरते. पाच वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून साधारण एक मीटरवर असते, त्यामुळे त्या उंचीला लावलेले चित्र मूल स्वतः पाहू, दाखवू आणि बदलू शकते. भाड्याच्या घरात खिळे ठोकता येत नसतील तर कपाटाची दारे वापरता येतात. भिंतीवरच काढण्याच्या हट्टाला उत्तर म्हणून काही घरांत खालचा पट्टा फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवला जातो आणि त्यावर खडूने काढलेले पुसण्याची जबाबदारीही मुलाकडे राहते.

कागद, प्रकाश आणि हवा

बालचित्र टिकवायचे असेल तर त्याचे शत्रू ओळखावे लागतात. स्वस्त ड्रॉइंग पेपर आणि वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो आणि त्यातील लिग्निन या घटकामुळे तो प्रकाशात पिवळा पडून ठिसूळ होतो. स्केचपेनच्या शाईतील रंग प्रकाशात झपाट्याने उडतात. तेलखडू तुलनेने टिकतात, पण उष्णतेने मऊ होऊन समोरच्या कागदाला चिकटतात. आणि जाड थर दिलेले पोस्टर रंग कागद वाकवला की पापुद्र्यांनी सुटतात. संग्रहालयांत कागदावरील कामांसाठी सुमारे ५० लक्स इतका मंद प्रकाश ठेवतात, तर भर उन्हातील प्रकाश एक लाख लक्सच्या आसपास असतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर उन्हात लावलेले स्केचपेनचे चित्र फिकट होण्यास फार काळ का लागत नाही, हे या आकड्यांवरून समजते. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे राहते आणि तेवढी ती बुरशीला पुरते. पिठाच्या खळीने चिकटवलेली कामे कसरीला आणि जमिनीलगतचे गठ्ठे वाळवीला आमंत्रण देतात.

त्यामुळे निवडक चित्रे जपताना सेलोटेप टाळावी, कारण तिचा डिंक कालांतराने कागदात मुरून कायमचे पिवळे डाग पाडतो. लॅमिनेशनही टाळावे, कारण एकदा केलेले लॅमिनेशन कागदाला इजा न करता सोडवता येत नाही. चित्रे आडवी, दोन चित्रांमध्ये कोरा कागद घालून, पुठ्ठ्याच्या पाकिटात आणि माळ्यावर नव्हे तर घराच्या कोरड्या, हवेशीर कपाटात ठेवणे पुरेसे असते. अशी काळजी प्रत्येक चित्राची घेता येत नाही, आणि तसे करण्याची गरजही नाही.

काय ठेवावे आणि कोणी ठरवावे

मिहाय चिकसेंटमिहायी आणि यूजीन रॉचबर्ग-हॉल्टन यांनी शिकागो परिसरातील ८२ कुटुंबांतील ३१५ व्यक्तींना घरातील जिव्हाळ्याच्या वस्तूंविषयी विचारून १९८१ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात भिंतीवरील चित्रांचा उल्लेख अनेकांनी केला. परंतु त्यांचे महत्त्व सांगताना लोक सौंदर्यापेक्षा आठवणी आणि नाती यांच्याविषयीच अधिक बोलले. याच अभ्यासात पिढ्यांचा भेदही दिसला: आजी-आजोबांना भूतकाळ सांभाळणाऱ्या वस्तू प्रिय होत्या, तर मुलांना ज्यांच्याशी काही करता येते अशा वस्तू. बालचित्राच्या बाबतीत याचा अर्थ असा की एकच कागद पालकांसाठी आठवण असतो आणि मुलासाठी संपलेले काम. त्यामुळे कोणते चित्र ठेवायचे यावर दोघांचे मतभेद होणे स्वाभाविक आहे.

या मतभेदात मुलाचा शब्द धरावा, याला केवळ शिष्टाचाराचा आधार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे १३ वे कलम मुलाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात कलेच्या रूपातील अभिव्यक्तीचा स्पष्ट उल्लेख करते, तर १२ वे कलम त्याच्याशी संबंधित बाबींत त्याचे मत विचारात घेण्यास सांगते. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्राचा कर्ता हा सामान्यतः त्याचा पहिला हक्कदार असतो आणि कर्त्याच्या वयाची अट तेथे नाही. चित्र काढून टाकण्यापूर्वी मुलाला विचारणे आणि त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी त्याची परवानगी घेणे, ही या तत्त्वांची घरगुती रूपे होत. छायाचित्र हा सर्वसाधारण चित्रांसाठी योग्य पर्यायही आहे: थेट ऊन नसलेल्या दिवसाच्या उजेडात, कॅमेरा कागदाला समांतर धरून टिपलेली आणि तारखेसह साठवलेली प्रतिमा जागा अडवत नाही आणि मूळ कागदाचा निरोप सुकर करते. महिन्याकाठी मुलासोबत बसून चार चित्रे ठेवायची, चार आजी-आजोबांना द्यायची आणि उरलेल्यांची छायाचित्रे घ्यायची, असा काहीसा क्रम ठरला तर निवड हाही मुलाच्या कलाशिक्षणाचा भाग बनतो, कारण स्वतःच्या कामातील सरस काय आणि का, हा विचार त्याला करावा लागतो.

निष्कर्ष

या सर्व विवेचनातून एक समान सूत्र हाती येते. भिंतीवर चित्र लावणे मुलाला लाभदायक ठरते ते त्यातून त्याचे काम लक्षपूर्वक पाहिले जाते तेव्हा. आणि ते हानिकारक ठरते ते त्याला बक्षिसाचे, तुलनेचे किंवा पाहुण्यांपुढील मिरवणुकीचे रूप येते तेव्हा. प्रयोगशाळेतील प्रमाणपत्र, स्पर्धेचे पदक आणि दिवाणखान्यात वर्षानुवर्षे टांगलेले निवडक चित्र यांत एक साम्य आहे: तिन्ही ठिकाणी निर्णय मोठ्यांचा असतो. आवारातील किल्ला, सेवाग्रामचा वर्ग आणि रेज्जिओची नोंदींची भिंत यांत मात्र मूल कर्ता असते आणि प्रेक्षक त्याला प्रश्न विचारतात. महाराष्ट्रात आता किल्ल्यांच्याही स्पर्धा भरतात आणि क्रमांक लागतात, तेव्हा हा भेद जपण्याची जबाबदारी अधिकाधिक घरावर येते. त्यासाठी मोठी भिंत, महागडी चौकट किंवा उत्तम चित्र यांपैकी कशाचीही आवश्यकता नाही. मुलाच्या उंचीची एक जागा, तीत काय लावायचे आणि केव्हा उतरवायचे हे ठरवण्याचा त्याचा अधिकार, आणि लावलेले चित्र पाहून त्याविषयी त्याच्याशी बोलणारे एक मोठे माणूस एवढे पुरेसे आहे.